आधी ठिणगी, मग पेट्रोल

जुनी गाडी अडखळायला लागली की आजूबाजूला उभा असलेला प्रत्येक जण एकच निदान करतो: "कार्ब्युरेटर साफ करून घ्या." शेजारचे काका सांगतात, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सांगतो, पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगाही सांगतो. कार्ब्युरेटर समोर दिसतो, हे त्याचं दुर्दैव. एमजीबीचं बॉनेट उघडलं की दोन एसयू कार्ब्युरेटर जोडीनं बसलेले असतात, घुमटासारखे, चकचकीत, आणि पाना हातात असलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. तो हात तिथपर्यंत जायच्या आधी त्यानं आणखी चार ठिकाणं पाहावीत, एवढंच सांगायला हे लिहायला घेतलं आहे.

एमजीबी ही १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार. पाच लाखांहून जास्त गाड्या तिथून बाहेर पडल्या. इंजिन १,७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, ओतीव लोखंडाचं, पुशरॉडचं. त्यात घरी खोलता येणार नाही असं फारच थोडं आहे. सुटे भाग आजही नवे बनतात; १९८८पासून तर अख्खी बॉडीच नवी बनून मिळू लागली. म्हणजे या गाडीत भाग मिळण्याची अडचण नसते. कुठला भाग बदलायचा हे नीट न कळणं, ही खरी अडचण असते. पार्सल उघडून नवा कार्ब्युरेटर बसवायचा आणि गाडी तशीच अडखळताना बघायची, हा खर्च टाळण्यासारखा आहे.

बडोद्याला मोटारींचं कौतुक जुनं आहे. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात देशभरातल्या जुन्या मोटारींचा मेळा भरला होता, तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं. पण आपल्या कामाला त्याहून उपयोगी पडतो तो सयाजीरावांचाच दुसरा वारसा: १८९०चं कलाभवन, आणि त्यातून या गावाला लागलेली हाताच्या हुन्नराची सवय. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आजही लेथवर अर्ध्या दोऱ्याचा फरक ओळखणारे कारागीर आहेत. इंजिनाचं हेड, ब्रेकचा ड्रम, व्हॉल्व्हची सीट ही कामं घरी होत नाहीत; ती त्यांच्याकडेच न्यावीत. बाकीचं सगळं पोर्चमध्ये होतं.

वेळ मात्र पहाटेची. वैशाखात इथं सकाळी नऊलाच लोखंड चटका देतं. शिवाय टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधल्या फटीचं, माप थंड इंजिनवर घ्यायचं असतं, आणि मे महिन्यात इंजिन खऱ्या अर्थानं थंड असतं ते उजाडतानाच.

पहिली तपासणी हाताची नाही, कानाची. किल्ली फिरवा, सेल्फ मारू नका. गाडीच्या मागच्या भागातून पेट्रोल पंपाची टकटक ऐकू येईल. आधी भरभर, मग मंद, मग गप्प. हे निरोगी लक्षण. पंप गप्पच होत नसेल आणि भरभर टकटकत राहिला, तर टाकी रिकामी आहे किंवा टाकी ते पंप या नळीत कुठेतरी हवा शिरते आहे. इंजिन बंद असताना पंप दर काही सेकंदांनी एकेक टोला देत असेल, तर पेट्रोल पुढं कुठेतरी निसटतं आहे. बहुतेक वेळा कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटच्या सुईखाली कचरा अडकलेला असतो. आणि आवाजच नसेल तर पंपाचे पॉइंट चिकटले आहेत किंवा त्याची अर्थची वायर गंजली आहे. एका मिनिटात, एकही नट न सोडता, पेट्रोलच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मिळतात.

मग अर्थिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात, त्यामुळे बॉडीशी त्यांचा विजेचा संबंध एका जाड वेणीदार पट्टीवर अवलंबून असतो. क्लचचं काम करताना ही पट्टी सोडली जाते आणि बसवायची राहून जाते. मग सेल्फचा सगळा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट चोकच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जाते. केबल तापते, तिचं आवरण वितळतं, चोक अडकतो. मालक चोकची केबल बदलतो, महिन्याभरात नवीही जळते. तपासायला मल्टिमीटर पुरतो: एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर पट्टी काढून दोन्ही टोकं घासून चकचकीत करा. १९६७च्या शरदापर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, हेही इथेच बघून घ्यावं. ते न बघता इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडलं की ते पहिल्याच किल्लीला जळतं.

आता इंजिनाचा दम. गाडी गरम करून चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फ मारा. आकडा किती येतो यापेक्षा चार आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असले तर इंजिन ठीक. एखादा कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह गळतो आहे. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट फुटलं आहे. हा आकडा हातात नसताना कार्ब्युरेटरला हात लावणं म्हणजे ताप न बघता औषध देणं. चारपैकी एक सिलिंडर मुळातच दुबळा असेल तर कुठल्याही स्क्रूनं आयडलिंग गुळगुळीत होणार नाही.

टॅपेटवर थोडं थांबू या, कारण हे काम सोपं आहे म्हणून घाईत होतं. एमजीबीत आठ व्हॉल्व्ह. समोरून मोजलं तर १, ४, ५ आणि ८ एक्झॉस्टचे, २, ३, ६ आणि ७ इनलेटचे. फट पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर, थंड इंजिनवर. कुठला व्हॉल्व्ह कधी मोजायचा याचा जुना हिशेब नऊचा आहे: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला मोजायचा, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसरा, पाचवा असेल तेव्हा चौथा. दोन आकड्यांची बेरीज नेहमी नऊ. प्लग काढून ठेवले आणि गाडी टॉप गिअरला टाकून हळूहळू ढकलली की इंजिन हवं तिथं आणून थांबवता येतं.

फिलर गेजची पाती फटीत सरकवताना हाताला जे जाणवतं तेच खरं माप. पाती सहज सळसळत जाऊ नये आणि अडकूही नये. लोण्यातून सुरी ओढल्यासारखा बारीक, सारखा विरोध लागला पाहिजे. रॉकरचं टोक वर्षानुवर्षांच्या घर्षणानं खोलगट झालेलं असतं. सपाट पाती त्या खळग्यावर पुलासारखी बसते, त्यामुळे पाती पंधरा सांगते तेव्हा खरी फट वीसही असू शकते. टॅपेट नीट लावूनही टकटक थांबत नसेल तर कारण बहुधा हेच. रॉकर शाफ्ट काढून खळगे बघा. शाफ्ट काढण्याआधी रेडिएटरचं पाणी मात्र काढा. शाफ्टचे नट ज्या स्टडवर आहेत तेच हेडलाही धरून ठेवतात. हेडचे बाकीचे नटही क्रमाक्रमानं सैल करावे लागतात, नाहीतर हेड वाकतं आणि पाणी गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये उतरतं. परत बसवताना हेडचे नट ५० फूट-पाउंड, रॉकरचे २५. टॉर्क पान्याशिवाय हे काम करू नये.

प्रत्येक वेळी मापं लिहून ठेवली तर टॅपेट आणखी एक गोष्ट सांगतात. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं. जुन्या ओतीव लोखंडी हेडमध्ये सीट वेगळी नसते, हेडच्याच लोखंडात कापलेली असते, आणि तिला शिशाच्या थराचं संरक्षण असे. ते गेल्यावर जोरात चालवलेल्या गाडीत एक्झॉस्टच्या सीट झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होत जाते. १, ४, ५, ८ या चार आकड्यांतली फट दर दोन-तीन हजार किलोमीटरला घटताना दिसली, तर समजा सीट झिजत चालली आहे. टॅपेटचा आवाज वाढला की सगळे घाबरतात. खरं घाबरायचं ते आवाज कमी होत गेला तर. उपाय एकच: हेड मकरपुऱ्याला न्यायचं आणि चार एक्झॉस्टला कडक पोलादाच्या सीट बसवून घ्यायच्या. लेथवर नुसतं "हेड करून द्या" असं सांगू नका. हेडवर सरळपट्टी ठेवून वाक किती आहे ते आपण मोजायचं, आणि तेवढाच फेस, म्हणजे हेडचा पृष्ठभाग, घासून काढायला सांगायचं. जास्त काढला की कॉम्प्रेशन वाढतं आणि गाडी चढावर ठोकायला लागते.

आता ठिणगी. आपल्याकडे सगळे डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे चार प्लगना वीज वाटणाऱ्या डबीला, डेल्कोच म्हणतात, मग तो लुकासचा असला तरी. झाकणाच्या दोन क्लिपा सोडल्या की आत पॉइंट (वीज जोडणारी-तोडणारी तोंडं), कंडेन्सर आणि रोटर. पॉइंटची फट कॅमच्या उंचवट्यावर मोजायची, तीही पंधरा थाऊ. पॉइंटला फायबरची एक छोटी टाच असते, ती कॅमवर घासत राहते. टाच झिजली की फट कमी होते, आणि फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतो, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. म्हणून आधी पॉइंट, मग टायमिंग. उलट केलं तर टायमिंग लावून झाल्यावर पॉइंटला हात लावताच ते पुन्हा बिघडतं. टाचेखाली काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं ग्रीस लावायचं. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटच्या तोंडावर बसतं आणि गाडी गरम झाल्यावर बंद पडते.

पॉइंटची तोंडं निळसर जळालेली, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ अशी दिसली तर कंडेन्सर संशयित. त्याचं माप ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास यायला हवं. बऱ्याच मल्टिमीटरवर ते मोजता येतं. पण थंड असताना बरोबर माप देणारा कंडेन्सर तापल्यावर दगा देऊ शकतो. नवा आहे म्हणजे चांगला आहे, हे कंडेन्सर आणि रोटर या दोन वस्तूंना लागू पडत नाही. जुना, चालता कंडेन्सर डबीत जपून ठेवावा. रोटरच्या बाबतीत चाचणी सोपी आहे: झाकण काढलेलं असताना कॉइलची जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून तीन मिलिमीटरवर धरा, अर्थात चांगल्या इन्सुलेशनच्या पकडीनं, आणि किल्ली चालू ठेवून पॉइंट बोटानं न उघडता लाकडी काडीनं उघडा. पट्टीवर ठिणगी उडाली तर रोटरमधून वीज खाली गळते आहे. स्वस्त रोटरमध्ये पट्टी धरणारा रिव्हेट लांब असतो, आणि वीज त्यातून आतल्या शाफ्टवर उडी मारते. आधी एखादा झटका, मग धक्के, मग भर रस्त्यात एकदम गप्प. अशा वेळी सगळे कार्ब्युरेटरच खोलतात.

टायमिंगला दिवा पुरतो. बारा व्होल्टचा छोटा बल्ब, एक वायर डेल्कोच्या बाजूच्या टर्मिनलला, दुसरी अर्थला. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा, पुलीची खाच टॉपच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) १० अंश आधीच्या खुणेवर ठेवा, किल्ली चालू करा. डेल्कोचा बोल्ट सैल करून त्याचं अंग सावकाश फिरवा. बल्ब ज्या क्षणी लागतो त्या क्षणी पॉइंट उघडला, तीच ठिणगीची जागा. तिथं बोल्ट आवळा. आवळताना अंग थोडं सरकतंच, म्हणून पुन्हा एकदा तपासा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. वायर लावताना नेमकी इथं गल्लत होते. प्लगची फट पंचवीस थाऊ.

हे सगळं जमल्यावर, आणि जमल्यावरच, कार्ब्युरेटर. दहातल्या बहुतेक गाड्या इथपर्यंत येईस्तोवर सुधारलेल्या असतात.

एसयूचं यंत्र इतकं साधं आहे की ते बघून आनंद होतो. घुमटात एक पिस्टन. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा तो वर उचलला जातो. त्याच्या खाली निमुळती सुई, ती जेटमध्ये बुडालेली. पिस्टन वर गेला की सुई बाहेर येते आणि जेटचं तोंड मोठं होतं. हवेची वाट आणि पेट्रोलची वाट एकाच हालचालीनं, एकाच प्रमाणात उघडते. घुमट काढण्याआधी त्यावर आणि खालच्या अंगावर पेन्सिलीनं खूण करा, आणि दोन कार्ब्युरेटरचे भाग एकमेकांत मिसळू देऊ नका. प्रत्येक पिस्टन आपल्याच घुमटात बसवलेला असतो. आतून पेट्रोलनं आणि मऊ सुती फडक्यानं पुसायचं, पॉलिश पेपर लावायचा नाही. पिस्टनच्या कडांना तेल नको, फक्त मधल्या दांडीला एक थेंब. परत बसवल्यावर पिस्टन बोटानं उचलून सोडा. तो खाली येऊन धातूवर स्पष्ट "टक्" वाजला पाहिजे. आवाज आला नाही तर सुई जेटला घासते आहे. पुढचं काहीही करण्याआधी जेट मध्यात आणा.

घुमटाच्या वरच्या टोपीला एक दांडी असते, ती तेलात बुडते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर पिस्टन झटकन वर उडू नये म्हणून हे तेल. पिस्टन क्षणभर रेंगाळतो, जेटवरची ओढ वाढते आणि गाडीला पळायला लागणारं जास्तीचं पेट्रोल मिळतं. तेल संपलं की पाय दाबल्यावर गाडी आधी गुदमरते आणि मग उचलते. तेल २० ग्रेडचं. दांडी आत घालताना टोपी बसायला पाव इंच उरलं असताना विरोध लागला तर तेल पुरेसं आहे. पिकअप गेला म्हणून आलेल्या गाडीत हे आधी बघावं; दोन रुपयांच्या तेलाचं काम असतं.

जेटच्या खाली षटकोनी नट. तो वर फिरवून जेट पुलाच्या, म्हणजे पिस्टनखालच्या धातूच्या कट्ट्याच्या, पातळीला आणा, मग बारा पैलू खाली, म्हणजे पूर्ण दोन फेरे. जेट खाली गेला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), वर आला की लीन (पेट्रोल कमी). ही सुरुवातीची जागा. इंजिन पूर्ण गरम करा, दोन्ही थ्रॉटलमधला दुवा सैल करा आणि रबराची बारीक नळी घ्या, प्लंबरकडे मिळते तीच. एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. हवेचा "सीऽऽ" आवाज येईल. आता दुसऱ्या कार्ब्युरेटरला लावा. दोन्हीकडे सूर सारखा येईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू फिरवा. घड्याळासारखे मीटर मिळतात, पण तंबोरा लावलेला असेल त्या कानाला मीटर लागत नाही.

मग मिश्रण. पिस्टनखाली उचलायची एक छोटी खुंटी असते. ती पिस्टनला लागेपर्यंत दाबा आणि मग तेवढाच, जेमतेम ०.८ मिलिमीटर, उचला. इंजिन वेगानं फिरायला लागून तसंच राहिलं तर रिच. लगेच मंदावून बंद पडायला लागलं तर लीन. किंचित वेग घेऊन परत जागेवर आलं तर बरोबर. एका वेळी एक पैलू, दोन्हीकडे, आणि प्रत्येक पैलूनंतर अर्धं मिनिट थांबा. ऐन गर्मीत ही चाचणी फसवते; गाडी दहा मिनिटांहून जास्त आयडलिंगला उभी राहिली की फ्लोटमधलं पेट्रोल तापून वाफ व्हायला लागतं आणि खुंटी काहीही सांगू लागते. मध्येच एक चक्कर मारून यावं.

दोन्हीकडे कितीही फिरवलं तरी आयडलिंग टिकत नसेल तर मॅनिफोल्डच्या सांध्यावर आणि थ्रॉटलच्या दांडीवर थोडं ग्रीस थापून बघा. वेग बदलला तर हवा तिथून शिरते आहे. पन्नास वर्षांत ती दांडी आपल्या भोकात सैल होते, आणि मग जेट फिरवून काही साधत नाही. नव्या दांड्या आणि बुश हेच औषध.

आता देशभर पंपांवर ई-२० पेट्रोलच मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा, ई-२०ला सुमारे १३.५. पूर्वी बरोबर लावलेली गाडी या पेट्रोलवर लीन चालते, गरम होते, मागे बंदुकीसारखी फुटते. साधारण एक-दोन पैलू खाली न्यावे लागतात. मग खुंटी सांगेल ते खरं. त्याहून गंभीर प्रकरण नळ्यांचं. जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, आतून चिंध्या होऊन सुईच्या सीटवर अडकतं, बाहेरून तडकतं. एमजीबीत दोन्ही कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या बरोबर वर आहेत. तिथं थेंब पडला तर काय होईल ते सांगायला नको. नळी घेताना तिच्यावर "एसएई जे-३० आर-९" असं छापलेलं बघून घ्यावी, आणि पावडरचा अग्निशामक पोर्चमध्ये हाताशी असावा, माळ्यावर नको.

उन्हाळ्यात गाडी तापते तेव्हा पहिला बळी थर्मोस्टॅटचा. मेकॅनिक तो काढून फेकतो. गरम हवामानासाठी एमजीबीला ७४ अंशांचा थर्मोस्टॅट सांगितलेला आहे, तो बसवावा, पण त्यानं गाडी थंड होईल अशी आशा धरू नये. तो फक्त कधी उघडायचं ते ठरवतो. तापणाऱ्या गाडीत आधी टायमिंग बघा, कारण उशिरा पडलेली ठिणगी उष्णता एक्झॉस्टमध्ये आणि पाण्यात ढकलते. मग मिश्रण. मग ब्लॉकच्या मागच्या बाजूचा पाण्याचा नळ उघडा. पाणी येणार नाही. तार घालून कोचलं की तपकिरी चिखल येईल. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं आणि ओतकामाच्या उरलेल्या वाळूनं चौथ्या सिलिंडरभोवतीची पाण्याची जागा भरून टाकलेली असते. नळ काढून होजनं दोन्ही दिशांनी धुवा, निवळ पाणी येईपर्यंत. पुढे डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) आणि कूलंटच.

ब्रेकबद्दल थोडक्यात, पण इथं तडजोड नको. पावसाळ्यात ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-४चं उकळण्याचं तापमान कोरडं असताना किमान २३० अंश, ओलं झाल्यावर १५५. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं बदलायचं, वरून भर घालत राहायची नाही. एखादं चाक जाम राहत असेल तर त्याचा हवा काढायचा निप्पल अर्धा फेरा सोडा. ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दोष रबरी होजचा आहे. तो आतून फुगून झडपेसारखा वागतो, दाब आत जाऊ देतो, परत येऊ देत नाही. ब्रेकच्या रबराला इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस कधीही लावू नका. रबर रात्रीत फुगतं. गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नका, दोन घोड्या लावा. आणि वायर व्हीलचे कानवाले नट लक्षात ठेवा: उजव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी गावात शिरली तेव्हा पोर्चमध्ये उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. एमजीबी तर जमिनीला टेकल्यासारखी बसते. बॅटऱ्या आसनांच्या मागे खालच्या खणात, पेट्रोल पंपही मागे खालीच. पाणी ओसरल्यावर सेल्फ मारायचा नाही, हा पहिला नियम. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, इंजिन हातानं फिरवा, पाणी बाहेर येऊ द्या, प्रत्येक भोकात थोडं तेल घाला. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचं ऑइल काढून बघा. चहासारखं दुधाळ दिसलं की बदला, पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा बदला. गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल घालू नका. या गाडीत तिथं इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० जातं. मागच्या ॲक्सलला मात्र ईपी-९०. चारही ड्रम आणि डिस्क उघडून वाळवायचे, बेअरिंगचं ग्रीस धुऊन नवं भरायचं. वायरिंगचे गोळीसारखे जोड एकेक ओढून बारीक पेपरनं घासायचे. कंटाळवाणं काम आहे, पण हे टाळलेली गाडी पुढचं वर्षभर रोज नवा आजार दाखवते.

काम झाल्यावर गाडी पहाटे आजव्याच्या रस्त्याला काढावी. वीसेक किलोमीटर, रिकामा रस्ता, ऑइल प्रेशर गरम इंजिनवर चालताना ५० ते ८० पाउंड. धरणाच्या अलीकडे एका मोकळ्या पट्ट्यात जोरात न्या, क्लच दाबून किल्ली बंद करा आणि गाडी कडेला लागू द्या. प्लग गरम असतात, फडकं धरून काढा. पोर्सेलीन भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचं असलं तर जेट तिथंच राहू द्या. काजळी असेल तर एक पैलू वर, पांढरं असेल तर एक पैलू खाली. चारही चाकांच्या मध्याशी हात नेऊन बघा; एकच जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक चिकटतो आहे.

आणि वही. तारीख, किलोमीटर, आठ टॅपेटची आठ मापं काढतानाची आणि लावतानाची, पॉइंट, टायमिंग, पुढचा जेट किती पैलू, मागचा किती, पेट्रोल कुठल्या पंपाचं. एका दिवसात एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहायची. दोन बदलल्या तर गाडी कशानं सुधारली ते कळत नाही, आणि बिघडली तर कशानं तेही नाही. घरी परतल्यावर इंजिन निवू द्यावं, डेल्कोच्या झाकणाच्या दोन्ही क्लिपा लागल्या आहेत का ते बोटानं चाचपावं, पंपाची टकटक एकदा ऐकावी, आधी भरभर, मग मंद, मग गप्प, आणि बॉनेट खाली घ्यावं.